घोड्याचा बूट फाटतो कोठे?

माथेरानमध्ये दस्तुरी नाक्यापासून बाजारपेठेकडे जाणाऱ्या लाल मातीच्या वाटेवर दिवसभर टापांचा आवाज चालू असतो. समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीवरील या गावात मोटारवाहनांना मनाई आहे. अलीकडे सुरू झालेल्या ई-रिक्षांचा अपवाद सोडला तर पर्यटकांची ने-आण आणि सामानाची वाहतूक आजही बऱ्याच अंशी घोड्यांच्या पाठीवरून होते. महाबळेश्वर व पाचगणी येथे घोडा हाच अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचा आधार आहे. शहरांतील वराती, समुद्रकिनाऱ्यांवरील रपेटी, तापीकाठच्या सारंगखेड्याचा आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगावचा घोडेबाजार, भटकंती करणाऱ्या धनगरांची भीमथडी तट्टे, असा मोठा पसारा राज्यात आजही टिकून आहे. या सर्व ठिकाणी घोडा किती देखणा आहे यापेक्षा त्याचे चार खूर किती निरोगी आहेत यावर मालकाची कमाई अवलंबून असते. ऐन हंगामात एक नाल निसटला किंवा खुराला भेग पडली, तर ज्याच्या पागेत एकच घोडा आहे त्याचा रोजगार त्या दिवशी थांबतो.

अशा प्रसंगी उपयोगी पडणारे एक साधन म्हणजे खुराचे बूट. जाड रबर किंवा चिवट प्लॅस्टिकचा तळ, खुराला सर्व बाजूंनी वेढणारे कवच आणि टाचेमागून आवळण्याचे पट्टे अशी त्यांची सर्वसाधारण रचना असते. नाल निसटलेल्या घोड्याला खडकाळ वाटेवरून घरी आणणे, औषध लावलेला तळ स्वच्छ ठेवणे, खिळा धरणार नाही इतक्या ठिसूळ खुराला आधार देणे आणि अनवाणी ठेवलेल्या घोड्याला फक्त कामाच्या वेळी संरक्षण देणे, अशा कामांसाठी ते वापरले जातात. परंतु ज्यांनी ते घेऊन पाहिले त्यांच्याकडून एकच तक्रार वारंवार ऐकू येते : बूट टिकत नाही. घोडा तो झटकून टाकतो, दातांनी ओढतो, नाहीतर चार दिवसांत त्याच्या चिंध्या करतो. किंमत तर लहान नसते. परिणामी बूट अडगळीत जातो आणि दुखऱ्या खुरावर पुन्हा लोखंड ठोकले जाते. या तक्रारीच्या मुळाशी काय आहे, हे पाहण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

जुन्या गरजेचे नवे रूप

खुराला बाहेरून आवरण बांधण्याची कल्पना नवीन नाही. खिळ्यांनी ठोकायचा नाल सर्वत्र रूढ होण्यापूर्वी रोमन साम्राज्यात लोखंडी तळाची आणि चामड्याच्या वाद्यांनी बांधायची पादत्राणे वापरली जात. तशी पादत्राणे युरोपात उत्खननांत सापडली आहेत. आपल्याकडे मराठेशाहीत स्वारीवर निघण्यापूर्वी शिलेदारांना जी आगाऊ रक्कम दिली जाई तिला ‘नालबंदी’ असे नाव होते. घोडदळाच्या साऱ्या सिद्धतेच्या खर्चाला नालाचे नाव मिळावे, यावरूनच खुराची काळजी किती मोलाची मानली जाई हे लक्षात येते. आज मात्र नालबंद हा ‘नाल ठोकणारा’ एवढ्यापुरताच ओळखला जातो. हा आपला अडाणीपणा आहे. चांगल्या नालबंदाचे अर्धे काम नाल हातात घेण्यापूर्वीच, सुरीने आणि कानशीने, पुरे झालेले असते.

लोखंडी नाल सरसकट वाईट आणि बूट सरसकट चांगला, असा येथे दावा नाही. नाल स्वस्त असतो, तो बसविणारे कारागीर परंपरेने उपलब्ध आहेत, आणि दिवसाकाठी अनेक फेऱ्या करणाऱ्या घोड्याला तो सोयीचा पडतो. परंतु खिळ्याला निरोगी भिंत लागते. खूर फुटला, पोखरला किंवा त्यात पू झाला की नालाचा मार्ग तात्पुरता बंद होतो. त्या दोन-चार आठवड्यांत बूट टिकला तर घोडा सावरतो. म्हणून बूट टिकविणे हा केवळ पैसे वाचविण्याचा प्रश्न राहत नाही.

खूर वाढतो, बूट वाढत नाही

घोड्याचा खूर ही सजीव वस्तू आहे. त्याची बाहेरची भिंत आपल्या नखाप्रमाणेच केराटिन या द्रव्याची बनलेली असून केस जेथे संपतात त्या वरच्या कडेपासून ती सतत खाली वाढत असते. ही वाढ महिन्याला साधारणपणे सहा ते दहा मिलिमीटर असते. वरून निघालेला भाग पुढच्या टोकापर्यंत पोहोचून झिजून जाण्यास नऊ महिने ते एक वर्ष लागते. खुराचा तळ किंचित खोलगट असतो आणि मागच्या बाजूस रबरासारखी लवचीक त्रिकोणी गादी असते. पाय टेकला की टाचेचा भाग थोडासा फाकतो, उचलला की पुन्हा आवळतो. म्हणजे खूर प्रत्येक पावलागणिक आकार बदलतो आणि दर महिन्याला लांबीनेही वाढतो.

बहुतेक बूट का फाटतात याचे उत्तर या साध्या वस्तुस्थितीत आहे. बूट घेतला त्या दिवशी तो नेमका बसतो. पाच-सहा आठवड्यांनी खुराचे पुढचे टोक लांबते, टाचा उंचावतात किंवा पुढे सरकतात, भिंतीच्या कडा बाहेर फाकतात. बूट मात्र तेवढाच राहतो. मग पुढचे टोक आतून बुटाच्या तोंडावर दाब देते, मागचे पट्टे ताणले जातात, शिवण उसवते. मालकाला दिसते ते एवढेच की घोड्याने बूट फाडला. तो फाडला न साळलेल्या खुराने. बूट वापरणाऱ्या घोड्याचे खूर चार ते सहा आठवड्यांनी साळून घ्यावे लागतात, आणि मधल्या काळात कडेवरून हलकी कानस फिरविली तर अधिकच चांगले. हा खर्च टाळण्यासाठी महागडा बूट आणला जात असेल, तर दोन्ही खर्च वाया गेले असे समजावे.

माप घेण्याची चूकही येथेच होते. खूर साळण्यापूर्वी माप घेतले तर साळल्यानंतर तोच बूट सैल होतो. म्हणून माप साळल्यानंतर लगेच, घोडा सपाट जागी उभा करून आणि मग पाय उचलून घ्यावे. रुंदी तळाच्या सर्वांत रुंद ठिकाणी मोजावी. लांबी पुढच्या टोकापासून टाचेची भिंत जमिनीला जेथे टेकते तेथपर्यंत मोजावी, त्यामागील मऊ उंचवटे मापात धरू नयेत. मिलिमीटरमध्ये मोजणे श्रेयस्कर, कारण दोन मापांमधील अंतर पुष्कळदा पाच-सात मिलिमीटरपेक्षा अधिक नसते. पुढचे खूर गोलसर व मागचे काहीसे लांबट असतात. डावा आणि उजवा खूर सारखाच असेल असेही गृहीत धरू नये. जनावराच्या वजनाचा सुमारे साठ टक्के भार पुढच्या पायांवर असल्यामुळे पुष्कळ ठिकाणी पुढच्या दोनच खुरांना बूट घातले जातात, आणि एवढे पुरेही होते.

‘थोडा मोठा घ्यावा, म्हणजे घालायला सोपा जाईल’ हा सल्ला मुलांच्या शाळेच्या बुटांसाठी ठीक आहे. घोड्याच्या बाबतीत सैल बूट हा घट्ट बुटाइतकाच घातक ठरतो. तो पायाभोवती फिरतो, आत खडे घेतो, चिखलात निसटतो, आणि अर्धवट निघालेला बूट पायात लोंबकळू लागला की शांत घोडाही बिथरतो. उतारावर स्वार पाठीवर असताना असे घडले तर प्रसंग गंभीर होतो.

फाटलेला बूट वाचावा कसा

बूट फाटला की तो फेकून देण्याची घाई करू नये. घोडा कसा चालतो, खूर कसा वाढला आहे आणि आपल्याकडून काय राहून गेले आहे, याची नोंद त्या बुटावर उमटलेली असते. पशुवैद्यकाकडे किंवा नालबंदाकडे जाताना तो सोबत न्यावा.

बुटाचे पुढचे टोकच झिजून भोक पडले असेल तर खुराचे टोक लांब आहे असा पहिला संशय घ्यावा. लांब टोकामुळे पाय जमिनीवरून उशिरा उचलला जातो आणि प्रत्येक पावलाला बुटाचे नाक घासते. तळ एकाच बाजूने, आतून किंवा बाहेरून, झिजला असेल तर खुराच्या दोन बाजूंची उंची असमान असते किंवा पायाची मूळ ठेवणच तशी असते. पहिला दोष कानशीने दूर होतो. दुसरा जन्माचा असल्यामुळे तो पूर्ण जात नाही, आणि तो बळेच सरळ करण्याचा खटाटोप प्रौढ घोड्यात करू नये, कारण त्याने सांध्यांवर ताण येतो. तळ सर्वत्र सारखा झिजून पातळ झाला असेल तर त्यात कोणाचाच दोष नाही. डांबरी रस्त्यावर पुष्कळ चाललेल्या बुटाचे आयुष्य संपले, एवढाच त्याचा अर्थ.

सर्वांत अधिक बूट जातात ते मागून. टाचेवरचा पट्टा तुटलेला, मागची कड चिरलेली, कधी त्यावर मागच्या नालाचा ठसा स्पष्ट उमटलेला दिसतो. हा दातांचा प्रताप नसून मागच्या पायाचा आहे. दुडक्या चालीत मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशाजवळ पडतो. पुढचा पाय वेळेवर उचलला गेला नाही, तर मागचा त्याच्या टाचेवर आदळतो. पुढचे टोक लांब असणे, उतारावरून घाईने हाकणे, थकलेला घोडा शेवटच्या फेरीला जुंपणे, ही त्याची नेहमीची कारणे. तेव्हा पुढचे खूर आधी साळून घ्यावेत, उतारावर चाल आवरावी आणि मागच्या पायात लोखंडी नाल असेल तर त्याच्या पुढच्या कडेची धार घासून गोल करून घ्यावी. गरज वाटल्यास टाचेभोवती घंटेच्या आकाराचे रबरी कवच घालता येते. नुसते दर वेळी नवे पट्टे आणून भागणार नाही. आज पट्टा तुटतो, उद्या टाचेचे मांस फाटते.

बूट पायात गोल फिरत असेल तर तो रुंदीला मोठा आहे. मोजमाप बरोबर असूनही फिरत असेल तर पट्टे सैल राहतात किंवा आत मातीचा थर बसला आहे. चिकटपट्टीचे बूट असल्यास तिच्या आकड्यांत केस, गवत आणि चिखल अडकून तिची पकड जाते. एखादा जुना दात घासण्याचा ब्रश पागेत ठेवला आणि ती रोज साफ केली तर तिचे आयुष्य कितीतरी वाढते. पट्ट्याचे लोंबते टोक कापून किंवा आत खोचून ठेवावे. लोंबते टोक झुडपात अडकते, शेजारच्या पायाखाली येते, आणि पागेत कंटाळलेल्या घोड्याच्या दाताला प्रथम तेच लागते.

दातांनी ओढणारा घोडा

काही घोडे बूट खरोखरच चावतात, पायाने ओरबाडतात, जमिनीवर आपटून तोडतात. याला खोडी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु कालपर्यंत निमूट बूट घालणारा घोडा आज अचानक त्याच्याकडे तोंड नेऊ लागला, तर आधी बूट काढून पाय तपासावा. आत खडा गेला असेल, टाचेवरची कातडी सोलवटली असेल, किंवा खुराच्या आत पू धरू लागला असेल. हाताच्या पाठीने दोन्ही खुरांची उष्णता ताडून पाहावी. मुटक्याच्या मागील बाजूस दोन्ही कडांना बोटे ठेवल्यास नाडी लागते. एरवी मंद जाणवणारी ही नाडी जोराने उडत असेल आणि खूर गरम असेल तर आत दाह आहे असे धरून पशुवैद्यकास बोलवावे. दुखऱ्या पायावर मार देऊन घोडा सुधारत नाही. तो फक्त पाय उचलू देण्याचे बंद करतो, आणि मग साळणेही अवघड होऊन बसते.

दुखणे नाही अशी खात्री झाल्यानंतर सवयीचा विचार करावा. प्रथमच बूट घातलेला घोडा पाय अवास्तव उंच उचलतो, झटकतो, दोन पावले नाचल्यासारखा चालतो. मऊ जमिनीच्या बंदिस्त जागेत, हाताला धरून, पहिल्या दिवशी दहा मिनिटे, मग वीस, मग अर्धा तास, अशी ओळख आठवडाभरात करून दिली तर बहुतेक घोडे बूट विसरून जातात. ही ओळख न करून देता थेट कामाच्या गर्दीत बूट चढविणे म्हणजे बूट आणि घोडा दोघांचीही परीक्षा पाहणे होय. बूट प्रत्येक वेळी घातल्यावर पाच मिनिटे चालवून पट्टे पुन्हा पाहावेत. खूर आत नीट बसल्यावर ते हमखास थोडे सैल होतात.

राहिला कंटाळा. घोडा हा मुळात चरत राहणारा प्राणी आहे. मोकळा असेल तर दिवसाच्या चोवीस तासांपैकी चौदा-सोळा तास तो चरण्यात घालवतो. पागेत बांधलेल्या आणि दिवसातून दोनदाच तोबरा मिळणाऱ्या घोड्याच्या दातांना उरलेल्या वेळात काम हवे असते. मग दावणीचे लाकूड, शेजाऱ्याची शेपटी आणि स्वतःचा बूट, जे सापडेल ते तो चावतो. शरीराच्या वजनाच्या किमान दीड टक्का कोरडा चारा रोज पोटात जावा, हा सर्वमान्य दंडक आहे. साडेतीनशे किलोच्या घोड्यास हे प्रमाण सव्वापाच किलोच्या आसपास येते. तो चारा एकदम न टाकता बारीक छिद्रांच्या जाळीतून थोडा थोडा मिळेल अशी सोय केली तर तोंड कामात राहते. चंदीची वेळ झाली की पुढच्या पायाने जमीन उकरण्याची सवय अनेक घोड्यांना असते. तिने बुटाचे नाक आठवडाभरात जाते. अशा घोड्याला इतरांच्या आधी दाणा द्यावा, म्हणजे उकरण्याचे कारणच राहत नाही. तो उकरत असताना दाणा दिला तर उकरल्यामुळेच दाणा मिळाला असे तो शिकतो, याचे भान ठेवावे. माश्यांच्या त्रासाने पाय आपटणारे घोडेही बूट फोडतात. लीद वेळच्या वेळी उचलणे हा त्यावरील स्वस्त उपाय आहे.

कडू किंवा तिखट लेप लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. बुटाच्या केवळ बाहेरच्या बाजूस कडूपणा देणारा लेप लावण्यास हरकत नाही. परंतु मिरचीचा अर्क ओरखड्यावर लागला तर आग होते, आणि तोच पाय घोड्याने डोळ्याजवळ नेला तर डोळ्याला इजा होते. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य त्वचा संवेदनशील करते म्हणून अश्वस्पर्धांत निषिद्ध आहे. २००८ च्या ऑलिंपिकमध्ये, ज्यातील अश्वस्पर्धा हाँगकाँग येथे झाल्या, त्यापायी काही घोडे अपात्र ठरले होते. औषधोपचार चालू असताना बूट आणि मलमपट्टी जागेवर राहणे अत्यावश्यकच असेल, तर गळ्याभोवती उभ्या काठ्यांची माळ बांधून मान खाली वळू न देण्याची जुनी युक्ती अधिक सुरक्षित आहे. मुसके बांधायचे झाल्यास त्यातून पाणी पिता येते याची खात्री करून घ्यावी आणि ते तासन्‌तास तसेच ठेवू नये.

पावसाळा आणि घरगुती बूट

सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस बुटाची खरी कसोटी घेतो. जांभ्या दगडाची लाल माती भिजली की चिकट होते आणि पाऊल उचलताना बूट खाली ओढून धरते. सैल बूट पहिल्याच चिखलात राहतो. त्याहून वाईट गोष्ट आतल्या आत घडते. ओला खूर मऊ पडतो, गादीच्या खाचांत काळपट, दुर्गंधीयुक्त कूज धरते, आणि बंद बूट तिला ऊब व ओलावा पुरवितो. म्हणून बूट कामापुरता घालावा, काम संपताच काढावा, खूर खरवडून धुवावा, कोरडा पुसावा आणि हवेशीर राहू द्यावा. उपचारासाठी बूट रात्रंदिवस ठेवावा लागत असेल तरी दिवसातून एकदा तो काढून पाहिल्याशिवाय राहू नये. धुतलेला बूट सावलीत वाळवावा. एकाच खुरासाठी दोन बूट आलटून पालटून वापरले तर ते अधिक दिवस टिकतात.

विकतचा बूट हाताशी नसेल तर तात्पुरता बूट घरीच बांधता येतो. स्वच्छ केलेल्या तळावर कापसाचा जाड थर, त्यावर पट्टी, बाहेरून गोणपाट आणि सर्वांत वर कापडी चिकटपट्टीचे आडवे-उभे थर, असे आवरण कोरड्या पागेत दिवसभर बरे टिकते. चिकटपट्टी केसांच्या रेषेच्या वर कधीही आवळू नये. रक्ताभिसरण अडून पायाला सूज येते. हे आवरण फाटणारच असते. ते रोज बदलावे, त्यावर घोडा कामाला काढू नये.

गावातील चर्मकार बांधवांकडून जुन्या टायरचा तळ व चामड्याचे पट्टे वापरून बूट शिवून घेण्याचा प्रयोगही करता येण्याजोगा आहे. त्यात काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. टायरच्या आत पोलादी तारा असतात आणि कड झिजली की त्यांची टोके बाहेर येतात. तेव्हा तारा नसलेला टायर निवडावा. खिळ्यांऐवजी शिवण वापरावी, बकल बाहेरच्या बाजूस यावे, आणि गुळगुळीत झालेला टायर ओल्या फरशीवर घसरतो म्हणून तळाला खाचा पाडून घ्याव्यात. माथेरानच्या वाटांवर बसविलेल्या ठोकळ्यांवरून घोडे घसरतात ही घोडेवाल्यांची तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. तळाची पकड हा घोड्याच्या आणि पाठीवरच्या माणसाच्या जिवाचा प्रश्न असतो, हे त्यावरून ध्यानात यावे. शिवून घेतलेला बूट प्रथम रिकाम्या घोड्याला सपाटीवर घालून पाहावा, मगच चढावर न्यावा.

पाहणी करणाऱ्यांसाठी

पंचायत सदस्य, पशुधन पर्यवेक्षक आणि यात्रेच्या बंदोबस्तावरील अधिकारी यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावयास हवी. बूट जसा खूर वाचवितो तसा जखम झाकतोही. जखम, दुखणे किंवा अन्य कारणाने अयोग्य झालेल्या जनावराला कामाला लावणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखाली अपराध आहे. लंगडणाऱ्या घोड्याच्या पायात बूट आहे म्हणून तो कामाला योग्य ठरत नाही. तपासणीच्या वेळी मालकास बूट काढण्यास सांगावे, घोडा कठीण जमिनीवर सरळ रेषेत चालवून पाहावा. पुढच्या पायाने लंगडणारा घोडा दुखरा पाय टेकताना मान वर करतो आणि चांगला पाय टेकताना खाली करतो. एवढी एक खूण ठाऊक असली तरी दुखणे कोणत्या पायात आहे ते सामान्य माणसालाही ओळखता येते.

खुराच्या प्रत्येक भेदक जखमेत धनुर्वाताचा धोका असतो, आणि पाळीव जनावरांत घोडा या रोगास विशेष बळी पडतो. प्रतिबंधक लस घोड्याला नियमित टोचलेली असावी. खिळा किंवा काच रुतल्यास ती उपटून मोकळे होण्याऐवजी पशुवैद्यकीय दवाखान्याशी आधी संपर्क साधावा. रुतलेल्या वस्तूची दिशा आणि खोली पाहूनच डॉक्टर पुढील उपचार ठरवितात. ती काढून टाकली की तळ मिटतो आणि वाट हरवते. डॉक्टर येईपर्यंत खिळा आणखी आत जाणार नाही अशा बेताने त्याच्या दोन्ही बाजूंना जाड गादी बांधून घोडा जागीच उभा ठेवावा.

जेथे घोड्यांची संख्या बरी आहे अशा गावांत हंगामाच्या आरंभी एक दिवस खूर तपासणीसाठी ठेवता येईल. त्या दिवशी एक नालबंद, दवाखान्यातील डॉक्टर आणि एक मोजपट्टी एवढे साहित्य पुरते. प्रत्येक घोड्याच्या चारही खुरांची रुंदी, लांबी आणि साळल्याची तारीख एका वहीत लिहून ठेवली, की पुढच्या वेळी बूट घ्यायचा झाल्यास अंदाजाने माप सांगण्याची वेळ येत नाही. घोडेवाल्यांची मुले ज्या शाळेत जातात तेथे ही वही विद्यार्थ्यांकडे सोपविण्यास हरकत नसावी. खुराच्या भिंतीवर केसांच्या रेषेखाली बोटभर अंतरावर कानशीने हलकीशी खूण केली, तर दर महिन्याला ती किती खाली उतरली हे मुलांना स्वतः मोजता येते. पावसाळ्यातील वाढ आणि उन्हाळ्यातील वाढ त्यांनी वहीत शेजारीशेजारी मांडली, की साळण्यासाठी नालबंदाला केव्हा बोलवावे ते त्या घोड्यापुरते तरी त्या वहीतूनच कळेल.